बेळगाव-खानापूरकडच्या मराठीचं स्पीच रेकग्निशन: खासगी कॉलेजला सरकारी संशोधन निधी कसा मिळेल? डेटा आणि जीपीयूचं काय?

वडगावकर (प्रश्न)

नमस्कार. व्हीटीयूशी (कर्नाटकातलं विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ) संलग्न, खासगी, विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजातले आम्ही दोन प्राध्यापक (दोघेही पीएचडी, कायम नोकरीत) एक प्रस्ताव लिहितो आहोत. बेळगाव, खानापूर, निपाणी आणि हुक्केरी तालुक्यांत जशी मराठी बोलली जाते तशीच ऐकून ती लिहून देणारी प्रणाली करायची आहे. उपयोग सरळ आहे: नाडकचेरीत (कर्नाटकातलं महसूल कार्यालय) किंवा ग्राम-वन या सरकारी सेवा केंद्रावर आलेल्या माणसाने आपल्या बोलीत विचारावं आणि ते नीट टाइप व्हावं.

आज खुली मिळणारी मॉडेल्स पुण्याकडचं वाचन चांगलं लिहितात. "नाडकचेरीत बसून पहाणी काढूलोय" (पहाणी म्हणजे जमिनीचा उतारा) म्हटलं की "काढूलोय"चं "काढलोय" होतं आणि नाडकचेरीचे दोन तुकडे पडतात. मध्येच कन्नड शब्द आला की पुढचं अर्धं वाक्य घसरतं.

अडचणी अशा. कुठल्या योजनेत अर्ज करावा? ध्वनिमुद्रण किती तासांचं लागेल? बजेटमध्ये बारा लाखांचं जीपीयू वर्कस्टेशन धरलंय, ते टिकेल का? आणि कॉलेजच्या अकाउंट विभागाने केंद्राचा निधी कधी हाताळलेला नाही, त्यांना आधी काय सांगून ठेवावं?

कंग्राळी_कट्टा

सर, महाराष्ट्र शासनाच्या योजना आधी यादीतून काढून टाका. विषय मराठी असला तरी राज्याचा निधी संस्था कुठल्या राज्यात आहे त्यावर ठरतो. तुमच्यासाठी दोनच दारं आहेत, केंद्र आणि कर्नाटक.

केंद्रात आता एएनआरएफ, म्हणजे अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन. २०२३ च्या कायद्याने ते आलं, ५ फेब्रुवारी २०२४ पासून कायदा लागू झाला आणि जुनं एसईआरबी हे संशोधन निधी मंडळ त्यात विलीन झालं. त्यामुळे सीनियर मंडळी अजून ज्या नावांनी योजना सांगतात त्यातल्या काहींची नावं बदललीत. तुमच्या परिस्थितीत मी त्यांची टेअर (टीचर्स असोसिएटशिप फॉर रिसर्च एक्सलन्स) ही योजना पहिली धरीन. ती राज्य विद्यापीठं, त्यांची कॉलेजं आणि खासगी संस्थांतल्या कायम प्राध्यापकांसाठीच आहे. तीन वर्षं मुदत, वर्षाला ६०,००० रुपये मानधन आणि ५ लाख संशोधन निधी. हा निधी तुमचं कॉलेज आणि यजमान संस्था यांच्यात निम्मा-निम्मा वाटला जातो. वर्षातले किमान ९० दिवस यजमान संस्थेत काम करायचं असतं.

म्हणजे कॉलेजच्या हातात वर्षाला अडीच लाख. जेआरएफचं (ज्युनिअर रिसर्च फेलो, म्हणजे प्रकल्पावर नेमलेला संशोधक) मानधन महिन्याला ३७,००० आहे, वर्षाचे ४ लाख ४४ हजार नुसते तेच. तेव्हा टेअरच्या पैशात माणूस नेमता येणार नाही, ध्वनिमुद्रण, लेखन आणि प्रवास एवढंच बसतं. माणूस हवा असेल तर अर्ली करिअर किंवा अॅडव्हान्स्ड रिसर्च ग्रँट लागेल. तिथे स्पर्धा आयआयटीवाल्यांशी आहे आणि मागचं प्रकाशित काम बघतात. म्हणून आधी टेअर, त्यातून डेटा आणि एक-दोन पेपर, मग मोठा अर्ज, हा क्रम मला शहाणपणाचा वाटतो.

यजमान निवडताना आपल्याकडे हमखास घोळ होतो. मराठी म्हटलं की कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ डोळ्यांसमोर येतं, पण ते राज्य विद्यापीठ. यजमान म्हणून आयआयटी, एनआयटी, आयआयएससी, आयसर, राष्ट्रीय प्रयोगशाळा किंवा केंद्रीय विद्यापीठ हवं. बेळगावहून आयआयटी धारवाड सगळ्यात सोयीचं. हायवेने ऐंशी किलोमीटरच्या आत, सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं, आणि तिथे स्पीच प्रोसेसिंगवर कामही चालतं. फर्मागुडीचं आयआयटी गोवाही अंतराने जवळ आहे, पण पावसाळ्यात चोर्ला घाटाच्या भरवशावर ९० दिवसांचं वेळापत्रक मांडू नका. यजमान मार्गदर्शकाचं संमतिपत्र कॉल निघण्याआधी घ्या. कॉलच्या शेवटच्या आठवड्यात आयआयटीतला कोणीही तुमचा मसुदा नीट वाचत नाही, आणि न वाचता दिलेलं पत्र समितीला लगेच ओळखू येतं.

राज्याकडून व्हीजीएसटी (विज्ञान-तंत्रज्ञानाचा व्हिजन ग्रुप) आहे, तिथे प्रयोगशाळेची उपकरणं मागता येतात. आणि शेवटच्या वर्षाच्या मुलांसाठी केएससीएसटीची (राज्याची विज्ञान-तंत्रज्ञान परिषद) स्टुडंट प्रोजेक्ट योजना. रक्कम काही हजारांतच असते, पण मोठ्या अर्जाआधी दहा तासांचा नमुना डेटा गोळा करायला तेवढे पुरतात.

आता प्रस्ताव कशावर पडतो ते. समितीचा पहिला प्रश्न ठरलेला: २०२२ पासून सरकारचं भाषिणी हे भाषा-तंत्रज्ञान व्यासपीठ चालू आहे, आयआयटी मद्रासच्या एआयफोरभारत गटाची मॉडेल्स खुली आहेत, मग हे वेगळं कशाला? याला "आमची बोली वेगळी आहे" हे उत्तर चालत नाही. आकडा लागतो. चार तालुक्यांतले वीसेक बोलणारे घ्या, प्रत्येकाची दहा मिनिटं हाताने लिहून काढा आणि त्यावर निदान तीन खुल्या मॉडेल्सच्या चुकांचं प्रमाण मोजा. शेजारी तीच मॉडेल्स प्रमाण मराठीच्या वाचनावर मोजा. दोन्हींतला फरक तक्त्यात पहिल्या पानावर द्या. हा तक्ता नसलेला प्रस्ताव मी तरी पाठवणार नाही.

शीर्षकात "सीमाभाग" लिहू नका. तालुक्यांची नावं लिहा आणि मराठी-कन्नड मिश्र बोलणं असं म्हणा. तांत्रिकदृष्ट्या ते जास्त नेमकं आहे आणि वाचणाऱ्याचं लक्ष भलतीकडे जात नाही.

ध्वनिलेख

डेटावर लिहितो. हा प्रकल्प तरेल तो इथेच.

चाळीस तास हे पहिल्या टप्प्याचं वाजवी लक्ष्य. पण तासांपेक्षा बोलणारे मोजा. २०० माणसं आणि प्रत्येकी १२ मिनिटं हे २० माणसं आणि प्रत्येकी दोन तासांपेक्षा फार चांगलं. तालुका, वय, स्त्री-पुरुष आणि घरातली भाषा यांचं कोष्टक आधी करा आणि रिकामे चौकोन भरत जा. नाहीतर शेवटी डेटात कॉलेजची मुलं आणि त्यांचे मित्र एवढेच उरतात. चाचणीसाठी २४ माणसं पहिल्या दिवशीच वेगळी काढा, म्हणजे ४.८ तास. विभागणी माणसानुसार करायची, क्लिपनुसार नाही. एकच आवाज शिकवण्यात आणि चाचणीत दोन्हीकडे आला तर आकडा छान दिसतो आणि नाडकचेरीत प्रणाली उघडी पडते. पुढे भालकी-औराद किंवा हल्याळकडे जायचा विचार असेल तर तिथली वेगळी चाचणी ठेवा. खानापूरच्या आकड्यावरून बीदरकडचा अंदाज बांधता येत नाही.

मुद्रण ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, मोनो करा. तासाला साधारण ५१८ एमबी होतात. मॉडेलला १६ किलोहर्ट्झ, १६ बिट लागतं, म्हणजे तासाला ११५ एमबी. ते नंतर उतरवता येतं, उलटं करता येत नाही. मोबाइलवर घेत असाल तर नॉइज सप्रेशन बंद असलेलं अॅप वापरा. ते चालू असलं की शब्दाच्या शेवटचे हलके स्वर कापले जातात, आणि आपल्याकडच्या क्रियापदांचा सगळा फरक शेवटीच असतो. व्हॉट्सअॅपवर मागवलेले व्हॉइस मेसेज दाबलेले असतात, ते मूळ डेटा म्हणून घेऊ नका. पत्र्याच्या घरात पावसात मुद्रण वाया जातं, जून ते सप्टेंबर लेखनाचं काम ठेवा. पण पंख्याचा, एसटीचा, बाजाराचा आवाज सगळाच टाळू नका, प्रणाली तिथेच चालायची आहे. चौथा हिस्सा तसल्या जागी घ्या.

वाचून घेऊ नका, बोलतं करा. "रेशन कार्डात सुनेचं नाव कसं घातलं ते सांगा", "पहाणी कशी काढता", असं विचारलं की माणूस आपल्या बोलीत उतरतो. कागद हातात दिला की तोच माणूस शाळेतली मराठी बोलतो.

लेखनाचे नियम मुद्रणाआधी ठरवा. "करूलोय" ऐकलं तर "करूलोय"च लिहायचं. प्रमाण रूप हवं असेल तर ते दुसऱ्या रकान्यात. दोन लिहिणाऱ्यांनी दोन पद्धती वापरल्या तर मॉडेल दोन्ही अर्धवट शिकतं. कन्नड शब्द देवनागरीतच लिहा आणि त्याला खूण लावा. कन्नडमधले ऱ्हस्व ए-ओ साध्या ए-ओनेच लिहा, नवीन चिन्हं आणू नका. एक तास उत्स्फूर्त बोलणं लिहायला आठ तास धरा. चाळीस तासांना ३२० मनुष्यतास, वर तपासणी वेगळी. दहा टक्के क्लिप दोघांकडून स्वतंत्रपणे लिहून घ्या आणि त्या दोघांतला फरक मोजा. माणसामाणसांतच जेवढा फरक पडतो त्याच्या खाली मॉडेलच्या चुका येण्याची अपेक्षा प्रस्तावात लिहू नका.

मग युनिकोड. "बऱ्याच"मधला र दोन तऱ्हांनी टाइप होतो: ऱ आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे (जोडणीचं अदृश्य चिन्ह). दिसायला सारखंच, मोजायला दोन वेगळे शब्द. एनएफसी (युनिकोडचं प्रमाणीकरण) केल्याने र आणि नुक्ता एकत्र येतात, पण झेडडब्ल्यूजेची जोडणी तशीच राहते. ती स्वतः नियम लिहून बदलावी लागते. कोणी सफाईच्या नावाखाली झेडडब्ल्यूजे सरसकट पुसून टाकला तर शब्दच मोडतात. अॅ आणि ऍचंही तसंच, एकच रूप ठरवा.

आणि ही चूक छापील पेपरांतही सापडते: व्हिस्पर या ओपनएआयच्या खुल्या स्पीच मॉडेलबरोबर येणारा मूळ टेक्स्ट नॉर्मलायझर (मोजण्याआधी मजकूर एकसारखा करणारा कोड) देवनागरीच्या मात्रा आणि हलन्त विरामचिन्हांसारखे काढून तिथे जागा सोडतो. "किती" आणि "कुती" दोन्हींचं "क त" होतं. त्यावर मोजलेलं चुकांचं प्रमाण खोटं कमी येतं. भारतीय लिप्यांसाठी वेगळा नॉर्मलायझर वापरा आणि शब्दांबरोबर अक्षरांच्या चुकांचं प्रमाणही द्या, कारण मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतात आणि एका मात्रेने अख्खा शब्द चूक धरला जातो. शिवाय पहाणी, उतारा, नाडकचेरी, खाता, गृहलक्ष्मी, अन्नभाग्य अशा शंभरेक कामाच्या शब्दांची यादी करून ते किती वेळा बरोबर आले हे वेगळं मोजा. वापरणाऱ्याला तोच आकडा कळतो.

सुरुवात शून्यातून करायची गरज नाही. एआयफोरभारतचा इंडिकव्हॉइसेस घ्या, त्यात २२ भाषांचं बहुतेक उत्स्फूर्त बोलणं आहे. आयआयटी मद्रासच्या स्प्रिंग-आयएनएक्समध्ये मराठी आणि कन्नड दोन्ही आहेत. आयआयएससीचे रेस्पिन आणि वाणी हेही बघा. आपला डेटा यांच्यात मिसळून शिकवा, नुसत्या चाळीस तासांवर शिकवलं तर मॉडेल आधीचं विसरतं.

संमतीपत्रक

ध्वनिलेख यांच्या लिखाणात एक राहिलं. आवाज हा वैयक्तिक डेटा आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संशोधनाला सवलत आहे, पण त्या डेटावरून त्याच व्यक्तीबद्दल काही निर्णय घ्यायचा नाही आणि ठरलेली मानकं पाळायची, अशा अटींवर. संमतीचा मजकूर मराठी आणि कन्नड दोन्हींत ठेवा. वाचता न येणाऱ्याला वाचून दाखवा आणि त्याचा होकार त्याच मुद्रणाच्या सुरुवातीला घ्या. अठराखालच्यांना पहिल्या टप्प्यात घेऊच नका. आवाज खुला करायचा आहे हे वाक्य संमतीत पहिल्यापासून हवं, नंतर २०० घरं पुन्हा फिरता येत नाहीत. लोक बोलताबोलता आधार क्रमांक, फोन नंबर, शेजाऱ्याचं नाव सांगून जातात. लिहिणाऱ्याने तिथे खूण करायची आणि तेवढा आवाज काढून टाकायचा.

वडगावकर

फार उपयोगी. वर्कस्टेशनचं कोणी सांगेल काय? आमच्या विभागप्रमुखांचं म्हणणं, मशीन कॉलेजातच असलेलं बरं. रांगेत थांबायला नको.

रांगेतला_जॉब

टेअरच्या पैशात ते बसतच नाही, आणि मोठ्या अर्जातही बारा लाखांच्या ओळीवर समिती थांबते. राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशन २०१५ पासून याचसाठी ४,५०० कोटी घेऊन उभं आहे, सी-डॅक पुणे आणि आयआयएससी ते राबवतात, मग वेगळं मशीन कशाला, असं विचारतात. माझ्या मते बरोबर विचारतात. कॉलेजातलं मशीन तीन वर्षांनी जुनं होतं, यूपीएस आणि एसीचा खर्च वर, आणि सुट्टीत बंद.

तीन वाटा आहेत. यजमान संस्थेच्या क्लस्टरवर (एकत्र जोडलेल्या सामायिक मशीनवर) खातं, टेअरमध्ये हे आपोआप मिळायला हवं, संमतिपत्रात तास लिहून घ्या. दुसरी, सी-डॅकच्या परम प्रणालींवर अर्ज, बेंगळुरूची परम उत्कर्ष किंवा पुण्याची परम सिद्धी-एआय. तिसरी, इंडिया-एआय मिशनचं कम्प्युट पोर्टल. तिथे सरकारने सांगितलेला अनुदानित दर सरासरी ताशी ६५ रुपयांच्या आसपास आहे. हजार जीपीयू-तास धरले तरी ६५,००० होतात. व्हिस्पर स्मॉलच्या आकाराचं मॉडेल, २४ कोटी ४० लाख पॅरामीटर, चाळीस तासांच्या डेटावर सुधारून घ्यायला हजार तास लागतही नाहीत. बहुतेक वेळ चुकलेल्या प्रयोगांत जातो, म्हणून तेवढे धरायचे.

क्लस्टरवर पहिल्यांदा जाणाऱ्याचे दिवस कुठे वाया जातात ते सांगतो. कम्प्युट नोडला (जॉब जिथे प्रत्यक्ष चालतो ते मशीन) बहुधा इंटरनेट नसतं. मॉडेल, टोकनायझर आणि पायथनची पॅकेजेस लॉगिन नोडवर आधी उतरवा आणि जॉब ऑफलाइन मोडमध्ये चालवा. नाहीतर रांगेत दोन दिवस थांबलेला जॉब दहाव्या सेकंदाला पडतो. डॉकर चालत नाही, अॅपटेनर किंवा कोंडा वापरा. हजारो छोट्या वेव्ह फाइली तशाच ठेवल्या तर सामायिक डिस्क अडते आणि जीपीयू रिकामा बसतो. पाचशे-हजार क्लिपांच्या टार फाइली करा. स्क्रॅच डिस्कवरच्या जुन्या फाइली आपोआप पुसल्या जातात, मूळ मुद्रण तिथे ठेवायचंच नाही.

व्ही१०० हे जुनं जीपीयू कार्ड मिळालं तर बीएफ१६ हा अंक-प्रकार चालणार नाही, एफपी१६ घ्या. फ्लॅशअटेन्शन-२ ही वेग वाढवणारी लायब्ररीही चालत नाही. एनव्हिडियाच्या कूडा सॉफ्टवेअरच्या १३ व्या आवृत्तीने या पिढीचा आधार काढलाय, १२ वरच राहा आणि आवृत्त्या फाइलीत लिहून ठेवा. एफपी१६ वर लॉस (शिकतानाच्या चुकीचा आकडा) मध्येच एनएएन, म्हणजे निरर्थक झाला तर लर्निंग रेट कमी करून शेवटच्या चेकपॉइंटपासून (मॉडेलची जपून ठेवलेली प्रत) पुढे जा. दर ५०० पायऱ्यांनी चेकपॉइंट हवाच, वॉलटाइम (जॉबला दिलेला वेळ) संपला की जॉब मरतो.

अजून एक. व्हिस्पर प्रत्येक क्लिप ३० सेकंदांची समजून चालतो, छोटी असेल तर उरलेलं शांततेने भरतो. सरासरी ९ सेकंदांच्या १६,००० क्लिप म्हणजे तुमचे ४० तास, पण गणना होते १३३ तासांची. त्याच माणसाच्या सलग क्लिप जोडून २५ ते २८ सेकंदांच्या करा, जीपीयूचा वेळ तिपटीने वाचतो. कन्नड-मराठी अदलाबदल वाक्याच्या मधोमध होते, तो संदर्भही लांब क्लिपमध्ये टिकतो.

वर्कस्टेशनऐवजी कॉलेजसाठी १६ जीबीचं एक साधं कार्ड असलेलं मशीन मागा. कोड तपासायला आणि तयार मॉडेल दाखवायला ते पुरतं. दोन चार-टीबीच्या डिस्क मागा, एक कॉलेजात आणि एक दुसऱ्या इमारतीत.

हिशेब_चोख

अकाउंट विभागासाठी. संस्था ट्रस्ट किंवा सोसायटी असेल तर निती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरचा क्रमांक आधी काढून ठेवा. प्रकल्पाचं खातं वेगळं, पीएफएमएस या केंद्राच्या निधी-प्रणालीवर नोंदणी, आणि फीच्या खात्यात एक रुपयाही फिरवायचा नाही.

उपयोगिता प्रमाणपत्र जीएफआर (केंद्राचे वित्तीय नियम) १२-ए नमुन्यात, आर्थिक वर्षानुसार. निधी जानेवारीत आला तरी ३१ मार्चला पहिलं प्रमाणपत्र द्यावंच लागतं, अगदी खर्च शून्य असला तरी. ते अडलं की पुढचा हप्ता अडतो. शिल्लक रकमेवरचं व्याज संस्थेचं नाही, ते भारतकोश पोर्टलवरून सरकारला परत भरायचं. उपकरणांची नोंद जीएफआर २२ च्या नोंदवहीत, अनुक्रमांकासह. उपकरणांचा पैसा आणि आवर्ती खर्चाचा पैसा परवानगीशिवाय इकडचा तिकडे होत नाही. जीपीयूचे भाडे-तास हा आवर्ती खर्च आहे, तो उपकरणांत लिहिलात तर नंतर बिल पास होत नाही.

मुद्रणात बोलणाऱ्यांना मानधन आणि लेखनाचे पैसे हे अर्जातच स्वतंत्र ओळीने लिहा: २०० जणांना प्रत्येकी १०० रुपये, लेखन इतके तास, दर इतका. "किरकोळ" या शीर्षाखाली दडवलं तर लेखापरीक्षक प्रत्येक पावतीला हरकत घेतो. पावतीवर नाव आणि सही लागते, डेटात मात्र फक्त क्रमांक हवा. म्हणून पावत्या अकाउंटकडे आणि नाव-क्रमांकाची यादी मुख्य संशोधकाकडे बंद, दोन्ही एका ठिकाणी नकोत.

मोठ्या अर्जात जेआरएफ धरलात तर घरभाडं विसरू नका. बेळगाव घरभाड्यासाठी शहरांच्या वाय वर्गात मोडतं, सध्या २० टक्के. दोन वर्षं ३७,००० आणि तिसऱ्या वर्षी ४२,००० धरून मानधन १३ लाख ९२ हजार, घरभाडं २ लाख ७८ हजार ४००. एकूण १६ लाख ७० हजार ४००. जेआरएफला नेट किंवा गेट लागतं. आपल्याकडे असा उमेदवार मिळाला तरी वर्षभरात पुणे-बेंगळुरूच्या नोकरीला जातो. त्यामुळे मुद्रण आणि लेखन पहिल्या दहा महिन्यांत संपेल असं वेळापत्रक मांडा, आणि सगळी प्रक्रिया लिहून ठेवायची अट नेमणूकपत्रात घाला.

वडगावकर

धारवाडला पत्र या आठवड्यात पाठवतो. वीस जणांची चाचणी केएससीएसटीच्या प्रोजेक्टमधून करायची ठरवली आहे. ध्वनिलेख सर, तुलनेचा नॉर्मलायझर आणि ऱ-झेडडब्ल्यूजेचे नियम कुठे एकत्र मिळतील, की स्वतःच लिहायचे?

ध्वनिलेख

इंडिक एनएलपी लायब्ररीचा देवनागरी नॉर्मलायझर घ्या आणि त्यावर ऱ, अॅ आणि अंकांचे तीन नियम तुमचे. अंक बोललेत तसे शब्दांत लिहा, "दोन एकर सात गुंठे". "२ एकर ७ गुंठे" असं एकाने आणि शब्दांत दुसऱ्याने लिहिलं तर पहाणीच्या प्रत्येक वाक्यात फुकटची चूक मोजली जाईल. नियमांची फाइल डेटाबरोबरच इंडिया-एआयच्या एआयकोश या डेटा पोर्टलवर टाका, म्हणजे निपाणी-चिकोडीकडे पुढे कोणी काम केलं तर त्यांचे आकडे तुमच्याशी ताडून बघता येतील.